माघारीचा नारळ

डॉक्टर दिसला की लोक दुखणी सांगतात, वकील दिसला की बांधाची भानगड सांगतात. मी राज्यशास्त्र शिकवतो असं कळलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढायचा, आवाज खाली आणायचा आणि विचारायचा, “मग सर, यंदा कोण?” सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना हा प्रश्न आला की फार पंचाईत व्हायची, कारण वस्तरा विचारणाऱ्याच्या हातात असायचा. एकतीस वर्षं मी हा प्रश्न ऐकला आणि एकतीस वर्षं “सांगता येत नाही” एवढंच उत्तर दिलं. त्यावरून गावात माझ्याबद्दल दोन मतं पडली. सरांना सगळं ठाऊक आहे पण बोलत नाहीत, हे एक. सरांना काहीच कळत नाही, हे दुसरं. दुसऱ्या मताला माझ्या घरातूनही पाठिंबा होता.

आमचं कॉलेज सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेजवळ आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. कॉलेजच्या एका अंगाला कालव्याचं पाणी आलेला पट्टा. तिथली मुलं मोटरसायकलवर यायची, घरी ऊस, चुलता नाहीतर थोरला भाऊ फौजेत. दुसऱ्या अंगाला आटपाडी-माणकडचं कोरडं रान. तिकडची मुलं एसटीनं यायची आणि एसटीनंच जायची, म्हणजे एसटी आली तर. राज्यशास्त्र घेणाऱ्यांत आवडीनं घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. बाकीच्यांनी पोलीस भरतीला उपयोग होतो म्हणून, इंग्रजी टळतं म्हणून किंवा मित्रानं घेतलं म्हणून घेतलेलं असायचं. एका पालकांनी प्रवेशाच्या दिवशी मला सरळच विचारलं होतं, “आवं सर, राजकारन शिकाया कालेजात कशाला याया पायजे? आमच्या पारावर फुकट शिकिवत्यात की.” मी हसून विषय टाळला.

पहिल्या वर्षाला ‘राज्यशास्त्राची मूलतत्त्वे’ असा पेपर असतो. राज्य म्हणजे काय, सरकार म्हणजे काय, सत्ता कुणाची, ती मानायची का, हक्क कशाला म्हणायचं, एवढाच मामला. बाहेरच्याला वाटतं यात शिकवण्यासारखं काय आहे. पण मुलाच्या लेखी राज्य, सरकार, पक्ष, पुढारी, तलाठी आणि पोलीस हे सगळे मिळून एकच ‘ते लोक’ असतात. ते सुटे करून दाखवणं हा आमचा धंदा. गहू निवडायचंच काम, फक्त इथे खडे आणि गहू दोन्ही ठेवून घ्यायचे असतात.

एकदा हक्कांवर प्रश्न घातला होता, व्याख्या लिहा. एकानं लिहिलं, “हक्क म्हणजे जे आपलंच असतं पण भांडल्याशिवाय मिळत नाही ते.” पुस्तकात असं कुठेही नाही. मी पूर्ण गुण दिले आणि पेपर घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, हा मुलगा तुमच्या वर्गात शिकलेला वाटत नाही.

आता ज्या वर्गाची गोष्ट सांगायची आहे त्यात एक विद्यार्थी माझ्याहून वयानं मोठे होते. सुभेदार काका. फौजेतून निवृत्त होऊन आले होते आणि पदवी राहिली म्हणून पहिल्या वर्षाला बसले होते. पहिल्या बाकावर ताठ बसायचे, मी वर्गात शिरलो की उभे राहायचे, त्यामुळे मलाच उगाच कॉलर नीट करावीशी वाटायची. सार्वभौमत्व शिकवायला मला दोन तास लागायचे. त्यांनी पाच मिनिटांत हात वर केला. “सर, शेवटचा हुकूम कुणाचा, एवढं सांगा. बाकीचं मी बगून घेतो.” त्याच्याहून सोपी व्याख्या मी नंतर कधी वापरली नाही.

त्याच वर्गात राज्य आणि सरकार यांतला फरक सांगताना मी माझं ठेवणीतलं उदाहरण दिलं. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर बदलतात, गाडी तीच राहते. सरकार म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टर, राज्य म्हणजे गाडी. दरवर्षी या उदाहरणावर माना डोलायच्या. त्या वर्षी तिसऱ्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, आन् गाडीच आली न्हाई तर?”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. तिचं नाव सारिका. आटपाडीच्या बाजूच्या एका वाडीवरून यायची. घर मेंढपाळाचं, आईवडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नदीकाठच्या रानांकडे निघायचे आणि पाऊसकाळाच्या तोंडावर परतायचे. तेवढे महिने ही त्याच वाडीत मामाकडे राहायची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त हसलो होतो, आणि ते हसणं आजही मला आवडत नाही.

विज्ञानाच्या मुलांना प्रयोगशाळा असते, आम्हाला काय, असं मला नेहमी वाटायचं. म्हणून दिवाळीनंतरच्या सत्रात मी एक प्रयोग करायचो. वर्गानं आपला वर्गप्रमुख निवडायचा, अगदी रीतसर. बुधवारपर्यंत अर्ज, शुक्रवारी माघार, सोमवारी मतदान. आणि ही निवडणूक लुटूपुटूची वाटू नये म्हणून वर्गप्रमुखाला एक खरा अधिकार द्यायचो, ट्युटोरियलची वेळ तो ठरवेल. ट्युटोरियल म्हणजे आठवड्यातून एकदा होणारा सरावाचा तास. त्याला हजेरी सक्तीची, आणि त्याचे गुण वार्षिक निकालात धरलेले. कॉलेज दीडला सुटायचं, त्यानंतर कधीही हा तास ठेवता यायचा. मी एवढं सांगितलं, की त्यानं जी वेळ ठरवली ती मीही मानणार. सत्ता शिकवायची तर थोडी तरी सोडावी लागते.

त्या वर्षी दोन अर्ज आले. एक विक्रमचा. विक्रम पाण्याच्या पट्ट्यातला, उंचापुरा, बोलायला मोकळा. कुणाची वही राहिली, कुणाची गाडी पंक्चर झाली, की हा पुढे. वर्गाचा पुढारी तो होताच, फक्त शिक्का बसायचा बाकी होता. दुसरा अर्ज सारिकाचा. मला नवल वाटलं, बरंही वाटलं.

शुक्रवारी दुपारी विक्रम आणि त्याचे मित्र स्टाफरूमच्या दारात आले. चेहरे फुललेले. “सर, लय चांगलं झालं. बिनविरोध झालं!”

बिनविरोध हा शब्द आमच्याकडे कसा उच्चारतात हे ऐकायला पाहिजे. पोरगं पहिलं आलं हे सांगताना आवाज जसा होतो, तसा. गावची निवडणूक बिनविरोध झाली की पंचक्रोशीत नाव निघतं, पेपरात फोटो येतो. माझं स्वतःचं गाव कराडच्या बाजूला, तिथेही कित्येक वेळा निवडणूक बिनविरोध झालेली, आणि ते मी वर्गात अभिमानानं सांगत आलेलो. पोरांनी तो धडा माझ्याकडूनच घेतला होता.

गावात बिनविरोध झालं की एक रीत असते. ज्यानं अर्ज मागे घेतला त्याचा सत्कार करायचा, त्यानं मोठं मन दाखवलं म्हणून. पोरांनी तीही सोडली नव्हती. शाल आणली होती, नारळ आणला होता. “सर, तुमच्या हस्ते.” मी वर्गात गेलो. सारिका पुढे आली, मी तिच्या खांद्यावर शाल ठेवली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. मोबाइलवर फोटो निघाले. तिनं मान खाली घातली होती, मला तो संकोच वाटला. मग मी सहमतीच्या राजकारणावर पंधरा मिनिटं बोललो. सुंदर बोललो, असं तेव्हा वाटलं होतं.

वर्ग सुटताना सुभेदार काका माझ्याजवळ थांबले. “सर, लढाई झालीच न्हाई, आन् मेडल हरनाऱ्याला दिलंत. हे नवीनच बगितलं,” म्हणाले आणि गेले. मी ते फौजी थट्टा म्हणून सोडून दिलं.

शनिवारी सकाळी पहिल्या तासाला जायच्या आधी सारिका आली. तिनं पिशवीतून नारळ काढून माझ्या टेबलावर ठेवला, शेजारी घडी घातलेली शाल ठेवली.

“सर, ह्ये परत घ्या.”

“का गं?”

“मी माघार घेतली न्हाई. मला घ्याया लावली.”

शुक्रवारी मधल्या सुट्टीत कँटीनमागच्या लिंबाखाली बैठक बसली होती. विक्रम, त्याचे आठ-दहा मित्र, आणि सारिकाच्या दोन मैत्रिणीही. कुणी दमदाटी केली नव्हती. तू आमची भन हायस, म्हणाले. वर्गात फूट कशाला, म्हणाले. पुढच्या वर्षी तुलाच करू, म्हणाले. कागद तयारच होता.

मला आधी रागच आला, आणि तो तिचाच. “मग सही का केलीस? नाही म्हणायचं होतंस.”

“सर,” ती म्हणाली, “धा जनं गोड बोलत समोर बसल्यावर न्हाई कसं म्हनायचं, ते अजून शिकिवलं न्हाई तुमी.”

मी तिला बसायला सांगितलं आणि विचारलं, उभं राहायचं तुला एवढं का वाटत होतं. तेव्हा सगळं बाहेर आलं. विक्रमच्या मित्रांचा दुपारी भरतीच्या अकॅडमीत क्लास असे, तो चारला सुटे. त्यांना ट्युटोरियल पाचला हवं होतं. सारिकाच्या वाडीकडे जाणारी शेवटची एसटी साडेचारला. मामानं तिला शिकायला ठेवून घेतलं होतं ते एका बोलीवर, की दिवेलागणीच्या आत घरात. एक दिवस जरी चुकली तरी दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद आणि आईबापामागं मेंढरांकडे. ट्युटोरियल पाचला ठरलं, की तिचं शिक्षण तिथंच संपलं.

“हे त्यांना सांगितलंस?”

“सांगितलं की. म्हनले, निवडून आल्यावर बगू.”

गाडीच आली न्हाई तर, असं तिनं मला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. मी हसलो होतो.

ती गेल्यावर मी गावाकडे तात्यांना फोन लावला. तात्या माझे चुलते, आमच्या गावचं बिनविरोध जमवणाऱ्यांपैकी एक. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, “तात्या, आपल्याकडं बिनविरोध करताना अर्ज मागं कोण घ्यायचं हे कसं ठरायचं?”

“त्यात काय ठरवायचं?” तात्या म्हणाले. “ज्यानं घ्याया पायजे, त्योच घ्यायचा.”

“आणि तो कोण, हे कुणी सांगायचं?”

“आरं, त्याला म्हाईत असतंय.”

तात्या वाईट माणूस नव्हे. गावात दोन भाऊ एकमेकांवर काठ्या घेऊन धावलेले त्यांनी पाहिलेत, त्या भीतीनं ते बिनविरोध जमवायचे. पण फोन ठेवल्यावर मी आमच्या गावात ज्यांनी ज्यांनी अर्ज मागे घेतले होते त्यांची नावं आठवत बसलो. सगळी गावकुसाकडच्या नाहीतर वस्तीवरच्या घरांतली होती. इतकी वर्षं त्या यादीकडे मी राज्यशास्त्राचा मास्तर असून पाहिलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, हे इथे लिहून टाकतो.

सोमवारी तो नारळ घेऊनच वर्गात गेलो आणि टेबलावर ठेवला. म्हणालो, शुक्रवारी माझी चूक झाली. नियमात माघार होती, पण ती आपल्या मनानं घेतली का, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, वर सत्कार केला. ती माघार मी रद्द करतो आहे. मतदान आज होईल.

विक्रम उठला. त्याचा चेहरा पडला होता. “सर, आमी काय वाईट केलं? कुनाला हात लावला न्हाई, शिवी दिली न्हाई. गावात मोठी मान्सं असंच करत्यात. तुमीच सांगितलं हुतं तुमच्या गावाचं.”

“मीच सांगितलं होतं,” मी म्हणालो. “म्हणून तर चूक माझी. पण विक्रम, वर्गाचं एकमत आहे, हे तुला कसं कळलं?”

“समदी टाळ्या वाजवत हुती की.”

“टाळ्या सगळ्यांच्या देखत वाजतात. मत एकट्यानं द्यायचं असतं.”

तो खाली बसला. रागावला होता, पण विचारही करत होता, एवढं मला त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं.

सुभेदार काकांना निवडणूक अधिकारी नेमलं. त्यांनी त्या कामाचं जे काही केलं ते मी जन्मात विसरणार नाही. खडूचं रिकामं खोकं चारी बाजूंनी सर्वांना उघडून दाखवलं, मग कागद चिकटवून बंद केलं. कोपऱ्यातलं बाक भिंतीकडे तोंड करून फिरवलं. एकेकाला रांगेनं सोडलं, नखावर स्केचपेननं खूण केली आणि कुणी शेजाऱ्याच्या चिठ्ठीकडे नुसतं पाहिलं तरी “नजर सामने!” असा आवाज दिला. शेजारच्या वर्गातल्या अर्थशास्त्राच्या मॅडम काय झालं म्हणून बघायला आल्या.

वर्गात चौपन्न जण होते. मोजणी झाली. विक्रमला तीस. सारिकाला तेवीस. एक मत बाद, कारण चिठ्ठीवर लिहिलं होतं, “दोनो ठीक है.” अक्षर मी ओळखलं. निवडणूक अधिकारी छताकडे बघत होते.

विक्रम जिंकला. टाळ्या झाल्या, पण शुक्रवारच्यापेक्षा कमी आणि वेगळ्या. सारिका आपल्या जागेवर बसून होती. मी तिच्याकडे पाहायला धजत नव्हतो. तिचं कॉलेज आता विक्रमच्या हातात होतं आणि वेळ तो ठरवेल ती मानायचा शब्द मी दिलेला होता. त्या दोन मिनिटांत मला जेवढी भीती वाटली तेवढी कुठल्या खऱ्या निवडणुकीच्या निकालाला वाटलेली नाही.

विक्रम पुढे आला. फळ्याकडे गेला, तीस आणि तेवीस हे आकडे बघत उभा राहिला. मग माझ्याकडे वळला. “सर, वर्गात पोरी एकोनीस हायती. म्हंजी चार पोरांनीबी तिला दिलं.”

“निदान चार.”

“मला सकाळपातूर वाटत हुतं समदा वर्ग माज्या मागं हाय.” त्यानं तेवीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. “बिनविरोध झालो असतो तर हे तेवीस जन मला कवाच दिसलं नसतं.”

हे वाक्य मी वर्षानुवर्षं शिकवायचा प्रयत्न करत होतो आणि माझ्या नोट्समध्ये त्याला चार पानं लागली होती.

मग त्यानं सारिकाला वर्गासमोर विचारलं, “तुजी गाडी कितीला गं?” ती म्हणाली, साडेचारला. त्यानं आपल्या मित्रांकडे पाहिलं, अकॅडमी तीनला सुरू होत होती. खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, ट्युटोरियल, बुधवारी, पावणेदोन. मागून एक जण ओरडला, “आरं गड्या, जेवायचं कवा?” विक्रम म्हणाला, “डबा वर्गात खा.” सत्तेत आल्याआल्या माणूस कठोर होतो ते असं.

नारळ टेबलावर तसाच होता. तो कुणाचा, यावर थोडा वाद झाला. शेवटी सारिकानंच तो उचलला आणि दाराबाहेरच्या पायरीवर फोडला. सुभेदार काकांनी खिशातल्या चाकूनं खोबऱ्याचे चौपन्न तुकडे केले, शिवाय माझा एक. शालीचं काय झालं आठवत नाही. बहुतेक विक्रमनं दुकानात परत केली असावी.

मी तिला वर्गाची विरोधी पक्षनेता नेमलं, नियमात नसताना. दर बुधवारी ती विक्रमला तीन प्रश्न विचारायची आणि तो ट्युटोरियलला डबा खाता खाता उत्तरं द्यायचा. त्या वर्षी ती पहिल्या वर्गात पास झाली. विक्रमही पास झाला, त्याला मूलतत्त्वांत तिच्याहून दोन गुण जास्त पडले. हे ती आजही मला ऐकवते.

आजही म्हणजे काय, तर ती पुढे शिकत गेली. एम.ए. झाली, पात्रता परीक्षा पास झाली आणि मी निवृत्त व्हायच्या वर्षी आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. पहिल्या वर्षाची मूलतत्त्वं तिच्याकडे. सत्र सुरू झालं की पहिल्या तासाला ती राज्य म्हणजे काय हे विचारत नाही. शेवटची गाडी कुणाकुणाची कितीला, हे विचारते आणि फळ्यावर लिहून घेते. मी एकतीस वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं.

माझा निरोप समारंभ झाला तेव्हा रीतीप्रमाणे शाल आणि नारळ होता. प्राचार्यांना ऐन वेळी बाहेरगावी जावं लागलं म्हणून विभागातर्फे सत्कार करायला सारिकाला पुढे केलं. विक्रमही आला होता, आता दुधाची डेअरी चालवतो. सुभेदार काकांची जागा मात्र रिकामी होती, ते त्याच्या आधल्या वर्षी गेले. सारिकानं माझ्या खांद्यावर शाल ठेवली, हातात नारळ दिला. लोक टाळ्या वाजवत होते, समोर मोबाइल धरले होते. ती वाकून अगदी हळू म्हणाली, “सर, ही माघार आपल्या मनानं घेताय ना? का कुनी घ्याया लावली?”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतक्या वर्षांपूर्वी मी जे तिला विचारायला हवं होतं, ते तिनं मला विचारलं होतं.

“आपल्या मनानं,” मी म्हणालो, आणि नारळ ठेवून घेतला.